माझ्या मापाची बंदूक

शाळेत असताना काकांनी आणलेली एअर रायफल भरल्या अंगाच्या माणसासाठी घडवलेली होती. नळी मोडून स्प्रिंग चढवायची, 4.5 मिलिमीटरचा एक छर्रा भरायचा, झाडायचा, पुन्हा नळी मोडायची. एवढ्या तोंडाच्या नि 20 ज्यूलच्या आतल्या रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. शेजारी मात्र येताजाता लायसन्स विचारत.

नेम धरताना दस्ता काखेतच अडकायचा. जर्मन फाइनवेर्कबाऊ रायफलची किंमत कळल्यावर घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. बाबा बंदूक घेऊन सुताराकडे गेले. त्याने दस्ता मागून दोन बोटं कापला, गालाची बाजू कानशीने उतरवली आणि कापलेला तुकडा परत देत म्हणाला, "ठेवा जपून, पोरगी वाढणारच की." कॉलेजात तोच तुकडा दोन लांब स्क्रूंनी पुन्हा जागेवर बसला.

स्वस्त स्प्रिंग बंदुकीचा स्वभाव विचित्र. छर्रा नळीत असतानाच आतला दट्ट्या पुढे धावतो आणि सगळी बंदूक हलते. घट्ट आवळली की नेम बिघडतो. तळहातावर नुसती टेकवून ठेवली की छर्रे एका जागी पडतात. छर्र्यांचे डबेही पारखावे लागतात. एका कंपनीचे तिला मानवतात, दुसऱ्याचे नाहीत. का, ते विचारू नये. दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे असले लाड पुरवावेच लागतात.

2024 मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. त्याचीही रायफल एका वेळी एकच गोळी घेणारी. सगळे गुण मोजत होते, मी गालाखालचा चीकपीस आणि खांद्याला टेकणारी बटप्लेट बघत होते. आमच्या सुताराने करवतीने केलं ते तिथे चावी फिरवून होतं!

चाळिशीनंतर नळीच्या टोकावरची माशी पुसट झाली. चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. शेवटी डोळ्यापुढच्या पीप साइटमध्ये बारीक भोकाची चकती बसवली. माशी स्पष्ट झाली, पण उजेड कमी पडू लागला, म्हणून टार्गेटवर दिवा आला.

आता भाचीला शिकायचंय. ती डावरी आहे, त्यामुळे गालाचा तो उतार तिच्या दृष्टीने चुकीच्या बाजूला. नवा दस्ताच घडवावा लागणार. सागवानाचा भाव काढून ठेवलाय, पण ती म्हणते, निळा रंग हवा.