खुडणीचे हात

निपाणी म्हटले की आपल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली तेथे भरलेली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद. दुसरी, तंबाखू. परिषदेचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. पण तंबाखूच्या रानात राबलेल्या आपल्या आयाबहिणींची हकीकत फारशी कुणी सांगत नाही. म्हणून हे चार शब्द.

माझी आई त्या भागात दुसऱ्याच्या रानात खुडणीला जायची. तंबाखूला कळी धरू लागली की शेंडा खुडतात. मग पानांच्या बगलेत फुटवे येतात, तेही पुन्हा पुन्हा काढावे लागतात. दिवसभर हे काम केले की हात काळे, चिकट होत. साधे धुऊन तो चीक जात नसे. घरी आल्यावर आईला मळमळे, डोके गरगरे, कधी उलट्या होत. आजी म्हणायची, "रानातलं काहीतरी लागलंय हिला." मग मीठमोहऱ्या ओवाळल्या जात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तरीही ओवाळल्या जात.

पुढे मी शेतीशास्त्र शिकले तेव्हा या 'लागण्या'चा उलगडा झाला.

तंबाखूवर आपल्या देशात फार बारकाईने संशोधन झाले आहे. राजमहेंद्रीला १९४७ साली केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाली. विडीच्या तंबाखूवर गुजरातेत आणंदला आणि निपाणीलाही काम झाले. हे बी इतके बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर दाणे बसतात. रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून जमीन भाजली की तणाचे बी आणि मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी मरतात. नत्र किती द्यावे, रोपांत अंतर किती ठेवावे, किती पानांवर शेंडा खुडावा, हे सारे प्रयोगांनी तपासले गेले.

खुडणीचे कारण साधे आहे. शेंडा गेला की फुलाबियांकडे जाणारे अन्न पानांना मिळते आणि पान जाड होते. निकोटीन तयार होते मुळांत आणि चढते पानांत. खुडलेल्या झाडाच्या पानात ते अधिक साठते. विडीला कडक तंबाखू लागते, म्हणून खुडणी.

पण हेच निकोटीन दवात आणि घामात विरघळते आणि ओल्या कातडीतून अंगात शिरते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या तंबाखू मजुरांमधील हा आजार १९७० साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तंबाखू कामगारांची तपासणी करून १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणजे आईला भूतबाधा नव्हती, विषबाधा होती. ज्या खुडणीने पानाचे मोल वाढले, तिनेच खुडणारीचे अंग बिघडवले. पानाचे वजन नोंदवणाऱ्या वह्यांत तिच्या हातांसाठी रकाना नव्हता.

भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत मादक पदार्थांचा आणि विषाचा व्यापार येतो. पण जिच्याजवळ ना रान ना वखार, त्या मजूर बाईला सम्यक आजीविकेचा उपदेश एवढाच करून कसे चालेल? तिला दुसरे काम मिळाले पाहिजे. भारताने २००४ साली मान्य केलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारातही शेतकऱ्यांबरोबर मजुरांच्या पर्यायी रोजगाराचा उल्लेख आहे. निपाणी भागात ऊस, सोयाबीन आले. पण पीक बदलले म्हणून मजुराचे हाल आपोआप संपत नाहीत.

जिथे खुडणी अजून होते तिथल्या भगिनींना माझे सांगणे आहे. दव उडाल्याशिवाय रानात उतरू नका. रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मालकाकडे मागा, तो तुमचा हक्क समजा. ओले कपडे लगेच बदला, हात साबणाने चोळून धुवा. गरोदर बाई आणि लहान मुले या कामाला नकोतच. उलट्या होऊ लागल्या तर मीठमोहऱ्यांत वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना 'तंबाखूच्या रानात होते' हे आधी सांगा.

आज आपली मुलेमुली कृषी महाविद्यालयांत शिकत आहेत, त्यांतली काही उद्या प्रयोगशाळेत बसतील. त्यांनी पिकाची उंची मोजावी, उतारा मोजावा. आणि त्या रानात कोण राबले, संध्याकाळी तिची तब्येत कशी होती, हेही विचारावे. हा प्रश्न आपल्या घरातून आलेल्या संशोधकाने नाही विचारला, तर कोण विचारणार?