आमची थोरली स्कूटर

परवां मुलुंडच्या पांच रस्त्यावर सिग्नलपाशीं उभा असतां शेजारच्या मोटारसायकलीवरील एका तरुणानें माझ्या गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलें आणि मोठ्या आदबीनें विचारलें, "काका, एवढ्या पैशांत चांगली मोटारसायकल आली असती. स्कूटर कां घेतलीत?" तेवढ्यांत सिग्नल हिरवा झाला व तो निघून गेला. त्याला उत्तर द्यावयाचें राहूनच गेलें. खरें सांगावयाचें तर तीस-तेहतीस वर्षांची हकीकत सिग्नलच्या एका मिनिटांत मावण्यासारखी नव्हती. वाचकांपाशीं थोडा अधिक वेळ असेल अशा समजुतीनें ती येथें सांगतों.

गाडी १६० सी. सी. इंजिनाची आहे. वजन सव्वाशे किलोंच्या वर, चाकें बारा इंचांची, आणि टांकींत सात लिटर पेट्रोल मावतें. आम्ही दोघे भाऊ, आमचीं कुटुंबें आणि आई अशीं आठ माणसें एका घरांत राहतों. वहिनींची ११० सी. सी. ची लहान स्कूटर घरांत आधींपासून होती. ती 'धाकटी' ठरली, म्हणून ही आपोआप 'थोरली' झाली. वयानें मात्र थोरली धाकटीपेक्षां नऊ वर्षांनीं लहान आहे.

स्कूटर ही वस्तु आमच्या घराला नवी नव्हे. मुलुंडच्या माणसाला तर तिला परकी म्हणतांच येत नाहीं. ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९४९ सालीं स्थापन झाली, आणि पुढें तिच्या भांडुपच्या कारखान्यांत इटलींतील इनोसेंटी कंपनीच्या परवान्यानें लॅम्ब्रेटा स्कूटर तयार होऊं लागली. आमच्या वडिलांनीं, अण्णांनीं, १९७६ सालीं एका स्नेह्यापासून अशीच एक जुनी लॅम्ब्रेटा विकत घेतली. नव्या स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहण्याचे ते दिवस होते. मुलगी जन्मली कीं बजाजच्या गाडीसाठीं नांव नोंदवावें, म्हणजे जांवयाला वेळेवर देतां येईल, असें लोक थट्टेनें म्हणत. नाहूरचें स्टेशन तेव्हां व्हावयाचें होतें आणि मुलुंडपुढचें स्टेशन भांडुपच होतें. त्यामुळें गाडी कधीं रुसून बसली म्हणजे अण्णा आईला म्हणत, "हिला माहेरची आठवण झालेली दिसते. एकच तर स्टेशन आहे, ढकलीत नेऊन सोडून येतों."

त्या गाडीवर आम्ही चौघेंहि बसत असूं. मी पुढें दांड्याला धरून उभा, मध्यें अण्णा, त्यांच्या पाठीशीं चिकटून दादा, आणि शेवटीं एका अंगास पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन आई. हें कायद्यांत बसत नव्हतें, पण स्कूटरवर बसत होतें. सकाळीं गाडी सुरू करणें हा एक विधीच असे. पेट्रोलमध्यें ऑईल मापून घालावयाचें, चोक ओढावयाचा, मग किक. सात-आठ किका होऊनहि ती बोलली नाहीं तर प्लग काढून पॉलिश कागदानें घासावयाचा. संध्या एक वेळ आटोपशीर होईल, पण या विधींत अण्णांनीं कधीं काटछांट केल्याचें मला आठवत नाहीं.

स्कूटर आणि मोटारसायकल यांत मूळ भेद काय, हें त्या वयांत कोणी मला विचारलें असतें तर 'आवाजाचा' असें मीं सांगितलें असतें. पुढें वाचनांत आलें तें असें कीं, विमानें बांधणाऱ्या पियाजियो कंपनीसाठीं १९४६ मध्यें ज्यानें वेस्पा घडविली, त्या कोरादिनो दास्कानियो या इटालियन अभियंत्याला मोटारसायकल मुळींच आवडत नसे. त्याचें खरें प्रेम हेलिकॉप्टरवर. मोटारसायकलीवर चढावयाला त्रास, तिच्या साखळीचें तेल कपड्यांवर उडणार, आणि चाक पंक्चर झालें तर तें काढतां काढतां जीव जाणार, असे त्याचे आक्षेप होते. म्हणून त्यानें इंजिन झांकून टाकलें, गिअर हातांत आणला, पुढें चिखलाला आडवी ढाल दिली, आणि बसणाऱ्याला पाय न उचलतां आंत शिरतां यावें म्हणून मधली जागा मोकळी सोडली. या मोकळ्या जागेचें महत्त्व इटलींतल्या झग्याइतकेंच आपल्याकडील धोतराला कळलें. धोतर-उपरणें नेसलेले, पुढें पायांपाशीं पूजेची पिशवी ठेवून एका सत्यनारायणाहून दुसऱ्या सत्यनारायणाला स्कूटरवरून निघालेले गुरुजी मुलुंड-घाटकोपरला कोणीं पाहिले नाहींत? त्यांना मोटारसायकलीवर बसवून पाहा, म्हणजे दास्कानियोचें म्हणणें पटेल.

लॅम्ब्रेटा जुन्या बाजाराला गेली त्यानंतर दोन वर्षांनीं दादाला नोकरी लागली. त्यानें स्वतःच्या शिलकींतून १०० सी. सी. ची मोटारसायकल घेतली. ती घरीं आली त्या दिवशीं मी तिच्याभोंवतीं किती प्रदक्षिणा घातल्या तें सांगत नाहीं. १९९२ च्या जुलै महिन्यांत, संध्याकाळीं कामावरून परततांना, भांडुपच्या सोनापूरजवळ लाल बहादूर शास्त्री मार्गावर (जुन्या माणसांच्या तोंडीं तो अद्यापि आग्रा रोडच आहे) ती घसरली. समोरून कोणी आलें नाहीं, मागून कोणी धडकलें नाहीं. पावसाच्या पाण्यावर तेलाचा तवंग होता, एवढेंच. दादाच्या उजव्या मांडीचें हाड मोडलें आणि खुबा दुखावला. तीन शस्त्रक्रिया झाल्या. ठरत आलेलें एक स्थळ गेलें. वर्षभरानें तो काठीवांचून चालूं लागला, पण तो पाय बाजूला उचलून कशावर टाकणें त्याला पुन्हां जमलें नाहीं.

अण्णा त्या काळांत फार बोलले नाहींत. दादाला रुग्णालयांत नेल्याच्या तिसऱ्या दिवशीं त्यांनीं भिंतीवरील कालनिर्णयाच्या एका रिकाम्या चौकोनांत, एरवीं जेथें दुधाचा हिशेब लिहीत तेथें, लिहिलें, "या घरांत मोटारसायकल येणार नाहीं." खालीं सही. वर्ष संपल्यावर आईनें तें पान फाडून घेतलें व पत्र्याच्या ट्रंकेंत महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेविलें. तें अजून तेथें आहे.

आतां गंमत अशी कीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतील व्याख्येप्रमाणें दोन चाकांची स्कूटर हीहि मोटारसायकलच. परवान्यावर तिची जात 'विनागिअर मोटारसायकल' अशीच लागते. अण्णा जन्मभर एका सॉलिसिटरच्या कचेरींत कारकून होते, तेव्हां ही व्याख्या त्यांस ठाऊक नव्हती असें मला वाटत नाहीं. तरी २००४ सालीं वहिनींनीं त्यांची पहिली स्कूटर घ्यावयाचें काढलें, तेव्हां त्यांनीं चष्मा पुसला आणि रंग कोणता घेणार एवढेंच विचारलें. २०१४ सालीं अण्णा गेले. मनाई हुकूम मात्र कोणीं मागें घेतला नाहीं, कारण तो मागें घेण्याचा अधिकार कोणाचा हेंच कोणास ठाऊक नव्हतें.

माझी मोटारसायकलीची हौस विसाव्या वर्षांपासूनची. चाळिशी उलटली, पन्नाशी आली, तरी ती गेली नाहीं. दोनदां मी घाटकोपरच्या दुकानांत जाऊन मोटारसायकलीवर बसून आलों. दोन्ही वेळां घरीं परतलों तों दादा गॅलरींत चहा घेत बसलेला. त्याच्या डोळ्यांसमोर रोज ती गाडी उभी करण्याची माझी छाती झाली नाहीं. शेवटीं मीं हुकुमाच्या अक्षरांतून वाट काढली आणि ही स्कूटर घेतली. हिचें इंजिन दादाच्या त्या गाडीच्या दीडपटीहून मोठें आहे. अण्णा असते तर त्यांनीं ही पळवाट पकडली असती, याबद्दल मला शंका नाहीं.

विकणाऱ्यानें आधीं मला दुसरीच एक स्कूटर दाखविली होती. ती अधिक जलद आणि दिसावयाला देखणी होती, पण तिच्या मधोमध मोटारसायकलीसारखा उंच कणा होता. तिथें तांदुळाचें पोतें राहणार नाहीं, असें सांगून मीं ती नाकारली. खरें कारण पोत्याहून निराळें होतें हें मला पुष्कळ उशीरां कळलें.

अशा मोठ्या स्कूटरी आपल्याकडे अगदींच नव्या नव्हेत. १९८४ मध्यें आलेल्या कायनेटिक होंडानें बिनगिअरची, बटनानें सुरू होणारी गाडी लोकांस दाखविली. पुढें २००६ मध्यें पुण्याच्याच कायनेटिकनें १६५ सी. सी. ची ब्लेझ काढली. ती फार वर्षें टिकली नाहीं. एवढें मोठें इंजिन स्कूटरला कशाला, असेंच त्या वेळीं बहुतेकांस वाटलें असावें. बिनगिअरच्या गाडीचें गुपित एका रबरी पट्ट्यांत आहे. पुढें एक कप्पी, मागें एक कप्पी, आणि दोहोंवरून फिरणारा पट्टा. वेग वाढला म्हणजे पुढच्या कप्पींतले लहान रूळ बाहेर फेंकले जातात, कप्पीच्या दोन तबकड्या जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि गिअर न बदलतां गिअर बदलतो. मुलुंडहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यानें मी रोज अंधेरीला जातों. त्या वाटेवर क्लच दाबून दाबून डावें मनगट सुजवून घेणारे मोटारसायकलवाले पाहिले म्हणजे त्या पट्ट्याला हात जोडावेसे वाटतात.

दोषहि सांगितले पाहिजेत, नाहीं तर ही जाहिरात व्हावयाची. मोटारसायकलीचें सतरा इंचांचें चाक खड्डा ओलांडून जातें, माझें बारा इंचांचें चाक खड्ड्यांत उतरून चौकशी करून येतें. पावसाळ्यांत भांडुप ते कुर्ला एवढ्या प्रवासांत अशा चौकशा किती होतात हें उपनगरांतल्या वाचकांस सांगावयास नको. लिटरमागें छत्तीस-सदतीस किलोमीटरांवर ती जात नाहीं, तेवढ्याच इंजिनाची मोटारसायकल याहून काटकसरी असते. कसाऱ्याच्या घाटांत उतारावर मोटारसायकल गिअरमध्यें धरून ठेवतां येते, स्कूटरला मुख्य आधार ब्रेकांचा. नाशिकला एकदां जाऊन आलों, आणि मोठ्या मालमोटारी शेजारून गेल्या त्या त्या वेळीं रामरक्षा आपोआप आठवली. अधिक सुरक्षित गाडी घेतली असें मीं घरांत सांगितलें होतें. तें पूर्णपणें खरें नव्हतें. जुलैमधल्या तेलकट रस्त्यावर दोन चाकें तीं दोन चाकेंच.

गाडी आणली त्या दिवशीं आई खालीं आली. ऐंशीव्या वर्षीं तीन जिने उतरून ती फारशी येत नाहीं. तिनें गाडीला हळदकुंकू लावलें, मग कंबरेवर हात ठेवून विचारलें, "हिच्यावर टांग टाकावी लागत नाहीं ना?"

"नाहीं, आई."

"मग ही मोटारसायकल नव्हे," असें म्हणून तिनें चाकाखालीं लिंबू ठेविलें. कायद्याहून ही व्याख्या मला अधिक रोखठोक वाटली.

दादा मात्र गॅलरींतूनच पाहत होता. वहिनी त्याला वर्षानुवर्षें म्हणत, "धाकटी घेऊन जा ना बाजारांत." त्यावर त्याचें उत्तर ठरलेलें असे, "ती काय गाडी आहे? बायकांची." वहिनी हंसून सोडून देत. त्यामागें भीति आहे असें आम्ही सर्व समजत असूं. मलाहि तसेंच वाटे.

सहाएक महिन्यांपूर्वीं विम्याचे कागद शोधतांना दादाच्या कपाटांतील पाकिटांतून त्याचा वाहन चालविण्याचा परवाना माझ्या हातीं आला. तो चालू होता. १९९२ नंतर एकदांहि वाहनाला हात न लावलेल्या माणसानें वडाळ्याच्या कचेरींत जाऊन, डॉक्टरचा दाखला जोडून, तो तीनदां नवा करून घेतला होता. घरांत कोणास त्याचा पत्ता नव्हता, वहिनींनासुद्धां. मीं तो होता तसा परत ठेविला. पण त्या रविवारीं चहाच्या वेळीं थोरलीची किल्ली त्याच्या बशीशेजारीं ठेवून म्हटलें, "दादा, हिला आज फिरवून आणावयाला मला वेळ नाहीं."

त्यानें किल्लीकडे पाहिलें, मग माझ्याकडे. "मला टांग टाकतां येत नाहीं," तो म्हणाला.

"टाकावी लागत नाहीं."

तो खालीं गेला. गॅलरींतून आम्ही पाहत होतों, आणि पाहत नाहीं असें दाखवीत होतों. त्यानें माझें हेल्मेट घातलें, गाडी स्टँडवरून काढली, उजवा पाय किंचित् ओढून मधल्या मोकळ्या जागेंतून पलीकडे नेला आणि बसला. गल्लीच्या टोंकापर्यंत पाय जमिनीला टेकवीत गेला. मग पाय वर घेतले व वळणावर दिसेनासा झाला.

दहा मिनिटें झालीं. वीस झालीं. वहिनी नारळ खवीत होत्या तो संपला, तरी विळी उचलली गेली नाहीं. आई एकदांहि आंत गेली नाहीं. पाऊण तासानें खालीं गाडीचा आवाज आला, आणि आणखी पांच मिनिटांनीं दादा जिना चढून वर आला. कपाळावर घाम होता.

"कोठें गेला होतास रे?" आईनें विचारलें.

"भांडुपपर्यंत. आग्रा रोडला गर्दी फार असते आतां."

किल्ली त्यानें माझ्या हातांत दिली. "डावा आरसा सैल आहे," तो म्हणाला, "घट्ट करून घे."