नगरपालिकेचं गरम पाणी

रेक्याविक,
सप्टेंबर २०२५

ती. ताईस,


काल फोनवर तू विचारलंस, "एवढे पैसे घालून तिकडे जाऊन तुम्ही दोघं नुसत्या आंघोळी करताय की काय?" तर हो, जवळजवळ तेच करतोय. भाऊजी मागून हसले तेही ऐकू आलं. पण हे आंघोळीचं प्रकरण फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि ह्यांच्या देखत तर नाहीच. म्हणून हे झोपलेत तोवर लिहून काढते.

आधी गाव. गावच म्हणते, कारण अख्ख्या आइसलँडची माणसं मोजली तरी चार लाख भरत नाहीत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त या राजधानीत नि तिच्या आसपास राहतात. जुनी घरं बुटकी आणि चक्क पन्हळी पत्र्याची. आपल्याकडे पत्रा छपराला असतो, इथे भिंतींनाही. वर लाल, हिरवा, पिवळा असा ठसठशीत रंग. टेकडीवर हाल्ग्रिम्सकिर्क्या नावाचं चर्च आहे. लाव्हा थंड होताना त्याचे जे सहाकोनी खांब होतात, त्यांच्यावरून त्याचा दर्शनी भाग सुचलेला. काम १९४५ साली सुरू झालं आणि १९८६ साली संपलं. हे वाचल्यावर ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते पाणीपुरवठा खात्यात जन्म काढलेल्या माणसाच्याच चेहऱ्यावर पसरू शकतं. बंदरावरचं काचेचं हार्पा सभागृह सुंदर आहे. वारा मात्र असा, की छत्री आणणारा माणूस परदेशी हे लांबूनच कळतं.

खरी गंमत नळातून येते. गार पाणी झऱ्याचं, गोड, तसंच ओंजळीनं प्यावं. गरम पाण्याला मात्र उकडलेल्या अंड्याचा वास. थेट जमिनीतलं पाणी, त्यात गंधक. पहिल्या आंघोळीनंतर तासभर मला वाटत राहिलं की शेजारी कोणी नाश्ता करतंय. दोनेक दिवसांत नाकाला सवय झाली, पण पायांतली जोडवी काळी ठिक्कर पडली. चिंच कुठून आणणार? शेवटी टूथपेस्ट लावून घासली. पुन्हा काळी पडली, मग काढून डबीत ठेवली. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय.

ह्यांना इथे जे सापडलंय, त्याच्यापुढे मी, चर्च, समुद्र, सगळं फिकं. नळ! हे सकाळी उठून रस्त्यावरची झाकणं बघत हिंडतात. इथे जवळपास नव्वद टक्के घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर तापतात. कोळसा नाही, तेल नाही, धूर नाही. पेर्लान म्हणून काचेचा घुमट आहे, लोक त्यावर चढून शहर बघतात. हे मात्र खालीच रेंगाळले, कारण घुमट उभा आहे तो गरम पाण्याच्या अवाढव्य टाक्यांवर. एकेका टाकीत चाळीस लाख लिटर. नेस्यावेलिर नावाच्या ठिकाणाहून सत्तावीस किलोमीटरवरून पाणी येतं आणि वाटेत दोन अंशसुद्धा थंड होत नाही, हे मला ह्यांनी जेवताना, बसमध्ये आणि रात्री दिवा मालवल्यावर सांगितलंय. घरं तापवून उरलेलं कोमट पाणी काही रस्त्यांच्या फरशीखालून फिरवतात, म्हणजे हिवाळ्यात बर्फ आपोआप वितळतो.

मला आवडलं ते त्याच्याही आधीचं. गावापासून तीनेक किलोमीटरवर लोयगारदालुर नावाच्या खोलगट भागात उकळते झरे होते. गावातल्या बायका धुण्याची बोचकी पाठीवर घेऊन तिथे चालत जायच्या. बादल्या, धोपाटणी, साबण, कडेवर पोर, आणि हे सगळं बर्फातून. ज्या वाटेनं जायच्या तिचाच पुढे लोयगावेगुर रस्ता झाला. आज त्यावर महागड्या लोकरी स्वेटरांची दुकानं आहेत. काहीजणी पाय घसरून त्या पाण्यात पडल्या आणि भाजून मेल्या. तेव्हा कुठे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, झऱ्यावर लोखंडी कमानी बसवल्या. त्या अजून आहेत. मी एका कमानीला हात लावून उभी राहिले. आई पऱ्यावर धुणं घेऊन जायची तेव्हा आपण कुरकुरत मागून जायचो, ते डोळ्यांपुढे आलं. पुढे १९२८ साली त्याच झऱ्यांपाशी भोकं पाडायला घेतली, आणि १९३० साली तीन किलोमीटर नळ टाकून तिथलं पाणी गावात आणलं. पहिल्यांदा कोणाला दिलं असेल? एका शाळेला. ह्यांना नळ आवडला, मला शाळा.

आता आंघोळ. धुणेवाल्यांच्या झऱ्यांना लागूनच नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव आहे. उघड्यावर पन्नास मीटरचा, आणि बाजूला बसायची गोल कुंडं. प्रत्येकावर पाटी: अडतीस, चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस अंश. पण पाण्यात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ करायची, आणि ती अंगावर काहीही न ठेवता. भिंतीवर माणसाचं चित्र. डोकं, काखा, जांघा, पावलं रंगवून दाखवलेली, की इथे इथे घासा. तलावात क्लोरीन अगदी कमी घालतात म्हणून ही शिस्त. ठाण्याहून घेतलेला पोहण्याचा अंगभर पोशाख घालूनच मी शॉवरखाली जाऊन उभी राहिले. तिथल्या बाई आल्या, हसल्या, आणि चित्राकडे बोट दाखवलं.

ताई, आपण बायकांनी सगळा जन्म परकर छातीशी बांधून आंघोळी केल्या. आजोळच्या कुंडावर मामी दोन्ही हातांनी साडीचा आडोसा धरून उभी राहायची आणि एक डोळा वाटेवर. इथे बारा वर्षांच्या मुलीपासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्या जणी सरळ उभ्या, केस धुताहेत, आपसात बोलताहेत. ऑपरेशनचे व्रण, सुटलेली पोटं, वाळलेल्या मांड्या, सगळं उघडं, आणि कोणी कोणाकडे बघत नाही. मी डोळे मिटून उरकलं. दुसऱ्या खेपेला डोळे उघडे होते. तिसऱ्या खेपेला एका आजींना मी माझा शांपू दिला.

मग बाहेरचा वारा, सात-आठ अंश, अंगावर ओला पोशाख, धावत जाऊन चाळीसच्या कुंडात. हाडं शेकतात म्हणजे काय ते तेव्हा कळलं. कुंडात हे आधीच बसलेले, एका निवृत्त कोळ्याशी बोलत. तो तीस वर्षं बोटीवर होता. आता रोज सकाळी इथे येतो. हवा, मासळी, घरभाडी, सरकार, सगळ्याचा समाचार घेतला जात होता. ह्यांनी त्याला आपल्या पाणीपट्टीबद्दल सांगितलं. अंगावर कपडेच एवढेसे, की कोण साहेब नि कोण शिपाई कळायला मार्ग नाही. इथली मुलं शाळेतच पोहायला शिकतात, तो अभ्यासक्रमाचा भागच आहे. समुद्रावर जगणाऱ्या देशाला ते परवडणारं नसलं तरी करावंच लागलं असतं.

ब्लू लगूनलाही गेलो. पाण्याचा रंग दुधात नीळ पडावी तसा. फोटोत दिसतो तसाच दिसतो, यात फसवणूक नाही. पण तो निसर्गाचा चमत्कार म्हणून जे सांगतात ते अर्धंच खरं. शेजारी स्वार्तसेंगीचं वीज केंद्र आहे, १९७६ पासूनचं. वापरून झालेलं पाणी त्यांनी लाव्हाच्या खडकात सोडून दिलं, मुरेल म्हणून. पाण्यातल्या सिलिकानं खडकाची भोकं बुजली आणि तळं साचलं. १९८१ मध्ये कातडीच्या विकारानं बेजार झालेला एक माणूस त्यात उतरला, त्याला बरं वाटलं, मग लोक येऊ लागले. म्हणजे जगातल्या नावाजलेल्या तीर्थांपैकी एक हे कारखान्याच्या सांडपाण्याचं आहे! मी तोंडाला पांढरा चिखल फासून बसले होते तेव्हा ह्यांनी मला हे सांगितलं. जायच्या वाटेवर ताजा काळा लाव्हा पसरलाय. २०२३ च्या नोव्हेंबरात शेजारचं ग्रिंदाविक गाव रातोरात रिकामं करावं लागलं आणि वर्षभरानं लाव्हा लगूनच्या वाहनतळावरून वाहत गेला. आता मातीचे उंच बांध घातलेत, आणि बांधाआड लोक सरबत पीत डुंबताहेत. मला ते जरा चमत्कारिक वाटलं.

एक दिवस बसनं हिंडलो. थिंगवेलिरला अमेरिका आणि युरोपचे भूपट्ट वर्षाला दोनेक सेंटिमीटरनं लांब जाताहेत, त्या भेगेतून चाललो. ९३० साली त्यांची लोकसभा तिथेच उघड्यावर भरली. स्त्रोक्कुर हे कारंजं दर पाच-दहा मिनिटांनी उडतं. उडण्याआधीचा क्षण बघायचा: पाणी खळबळतं, मग निळाभोर घुमट फुगतो, आतली वाफ दिसते, आणि फुटून तीन-चार मजले वर. पुढे धबधबाही बघितला, त्याबद्दल लिहीत नाही, फोटो पाठवलेत.

आपली तुरळ, राजवाडी, आरवलीची गरम पाण्याची कुंडं वेगळी, असं हे म्हणतात. तिथे खाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. असेल. मला फरक दिसला तो पाण्यात नाही, दारात दिसला. इथे कपडे बदलायला छप्पर आहे, बाकडं आहे, कुलूप लागणारी कपाटं आहेत, आणि हे सगळं नगरपालिकेनं केलंय. लगूनच्या एका तिकिटात इथे पाच-सहा वेळा तरी जाऊन येता येतं.

तुम्ही दोघं येणार असाल तर लगून एकदा बघा, तलावावर रोज जा. आणि तू आता ग्रामपंचायतीत आहेस, तर पुढच्या ग्रामसभेत आजोळच्या कुंडाचा विषय काढ. बायकांच्या बाजूला चार भिंती, छप्पर आणि आतून कडी लागणारं एक दार, एवढंच मागायचं. अर्ज ह्यांच्याकडून लिहून घेते, खर्चाच्या अंदाजासकट.

तुझी,
शैला