सड्यावरचा सरडा

मराठी भाषेने सरड्याला कधी धड वागवले नाही. पुढाऱ्याने पक्ष बदलला की आपल्याला सरडा आठवतो. कुणाची मजल तोकडी पडली की सरड्याची धाव कुंपणापर्यंत! वीस वर्षे मराठी शिकवताना निबंधाच्या वह्यांतून मला असे शेकडो सरडे भेटले. खरा सरडा निरखून पाहिलेला विद्यार्थी मात्र क्वचितच.

प्राणिशास्त्र शिकणारी माझी भाची एकदा म्हणाली, "मावशी, तुमचा सरडा शास्त्राच्या पोथीत गेला बरं का!" मला थट्टा वाटली; पण गोष्ट खरी होती. गळ्याखाली पंख्यासारखी झालर बाळगणाऱ्या सरड्यांना क्युव्हिए या फ्रेंच पंडिताने १८२९ साली 'सिताना' हे नाव दिले. पुढे यांतले कितीतरी सरडे पाँडेचरीवरून नाव पडलेल्या एकाच जातीत मोडले जात. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधा, खवले, जनुके तपासून ही एकत्र खातेफोड केली. पाच नव्या जाती निघाल्या. एकीला पंख्याचा तमिळ शब्द मिळाला, 'विसिरी'. थोराड, भडक झालरीच्या सरड्यांची तर वेगळी प्रजातीच झाली आणि तिचे नाव ठेवले चक्क 'सरडा'! मागच्या पायाला चारच बोटे, ही भावकीची खूण मात्र दोन्ही घरांत कायम आहे.

त्यांतला 'सरडा सुपर्बा', म्हणजे दिमाखदार सरडा, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीचा. मे महिन्यात भाचीबरोबर गेले. रखरखीत माळ, आणि एका दगडावर वीतभर मातकट जीव. एकाएकी त्याने गळा फुलवला. निळा, काळा, नारिंगी! पैठणीचा पदर उन्हात उलगडावा तसा. हा थाट नराचाच, पावसाआधीच्या विणीच्या दिवसांतला.

डोक्यावर पवनचक्क्या घरघरत होत्या. मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली इथलाच अभ्यास प्रसिद्ध केला. चक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी. त्यामुळे सरडे वाढले, माणूस जवळ आला तरी लवकर पळेनात. पण दाटीत ते रोडावले आणि गळ्याचे रंग फिके पडले. रंग बदलल्याचा बोल जन्मभर सोसणाऱ्या प्राण्याचे रंग इथे खरेच बदलले, आणि तेही आपल्या सोयीपायी. वीज तर आपल्याला हवीच. पण तिची किंमत कोण मोजतो, हे निदान ठाऊक असावे.

"एवढी पडीक जमीन!" आमच्यातले कुणीसे म्हणाले. गुरे राखणारे एक आजोबा थांबले.

"पडीक कशापायी? सडा हाय ह्यो. पाऊस पडला की या, फुलं मावत न्हाईत."

भाचीने तो शब्द वहीत टिपून घेतला.