पाठ पश्चिमेला

चक्रीवादळ येणार म्हटल्यावर माणसे त्याच्यापासून लांब जातात. मी नगरहून घाटमाथ्याकडे, म्हणजे सरळ त्याच्या तोंडावर निघालो होतो. २ जून २०२०, मंगळवार, निर्जला एकादशी. गाडीत दोन ताडपत्र्या, बांधकामाच्या तारेचे वेटोळे, टॉर्चचे सेल आणि मामांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. राजूरच्या पलीकडे, भंडारदऱ्याच्या अंगाला एका वाडीत मामा-मामी दोघेच होते. मामेभाऊ कोरोनाच्या टाळेबंदीत ठाण्याला अडकलेला. प्रवास जिल्ह्यातल्या जिल्ह्यात असल्याने ई-पासची भानगड नव्हती.

राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा असलेला आमचा जिल्हा समुद्राला कुठेच लागत नाही. वादळ म्हणजे आम्हाला वळवाची धूळ, फार तर गारा. २००९च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्याला लागले, ते आम्ही पेपरात वाचून बाजूला ठेवले होते. या वेळी मात्र हवामान खात्याच्या नकाशातली रेघ रायगडात शिरून थांबत नव्हती. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागावरून ती नगर-नाशिककडे चढत होती.

विळदचा घाट उतरून राहुरीच्या पुढे आलो, तर जिकडेतिकडे कांदा. टाळेबंदीत भाव पडलेला, म्हणून उन्हाळ कांदा चाळीत पडून होता. चाळ बांधतातच मुळी वारा खेळता राहावा म्हणून. आता तिलाच चहूबाजूंनी ताडपत्र्या आवळणे चालले होते. चहाची टपरी बंद, पण तिच्या सावलीत बसलेला एक शेतकरी म्हणाला, “भिजला तर सडणार, झाकून ठेवला तर घाम येऊन सडणार. कुठलं सडणं बरं, ते ठरवतोय.” कोल्हारला प्रवरा ओलांडली आणि डावीकडे घोटीच्या रस्त्याला लागलो. संगमनेरच्या अलीकडे शेडनेटवाले कापड सोडवून गुंडाळून ठेवत होते. कापड धरून ठेवले तर वारा त्याच्यासकट सांगाडाही उपटतो, हे त्यांना कुणी सांगायला लागत नव्हते.

अकोले गेले, विठा घाट चढला आणि जिल्ह्याचे रूपच बदलले. पूर्वेकडे पाथर्डी-जामखेडला पावसाची वाट पाहण्यात जन्म जातो. इकडे घाटघरला तो हजारो मिलिमीटरने मोजतात. दरवर्षी या दिवसांत काजवे बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी भरणारा हा रस्ता त्या दिवशी मोकळा होता. वाडीच्या तोंडाशी आडवा बांबू. नगरहून आलेला म्हटल्यावर पोरांनी मला घरात जायला मनाई केली. मग मामींनी पडवीत घोंगडी टाकून दिली आणि ताटही तिथेच सरकवले. एकादशी असल्याने मामांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, तरी ते शिडीला हात लावून तयार.

तयारी बरीचशी खरे तर झालेलीच होती. मृग चार-पाच दिवसांवर; सरपण आणि गोवऱ्या आत, पेंढा माळ्यावर, मीठ-मिरचीचा भरणा झालेला. बियाण्याचा काळभात राख मिसळून मडक्यात तोंड लिंपून ठेवलेला. इथून जवळच्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना त्याच वर्षी पद्मश्री जाहीर झाली, ती असलीच जुनी बियाणी सांभाळल्याबद्दल. वादळासाठी वेगळे असे काम एकच उरले होते, ते म्हणजे छप्पर. पुढच्या घरावर कौले, गोठ्यावर पत्रे, आणि पत्र्यांवर दगड. मला वाटले, अजून दगड चढवावेत. मामांनी हात हलवला. “दगडानं पत्रा राहतो व्हय? वारं वरून दाबीत नाय, आतून उचलतं. अन् दगूड मग आपल्याच डोक्यात.”

हे अगदी शास्त्रशुद्ध होते. उतरत्या छपरावरून वेगाने जाणारा वारा वरचा दाब कमी करतो, दारा-खिडकीतून शिरलेला खालून ढकलतो, आणि पत्रा हुकासकट निघतो. म्हणून आम्ही दगड उतरवले, वासे आणि मेढी तारेने एकमेकांना जखडल्या, पत्र्यांचे हूक पिळून आवळले. वारा शिरेल ती भोके पोत्यांनी बुजवली.

अंधार पडता पडता माझ्या लक्षात आले, की हे घर पश्चिमेला पाठ करून उभे आहे. तिकडची भिंत जाड, पाख जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेले, वर कारवीचा कूड. इथला पावसाळी वारा कोकणातून कडा चढून येतो, तो पश्चिमेचाच. ओटा, दार, गोठ्याचे उघडे तोंड, सगळे पूर्वेला. पण आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्याविरुद्ध फिरते. ते नैऋत्येकडून येत असेल तर त्याच्या पुढ्यातल्या गावाला पहिला वारा पूर्वेकडून लागतो. मी मोबाईलवर नकाशा दाखवला. मामा बराच वेळ बघत राहिले. “म्हंजी पुढल्या दारानं येणार,” म्हणाले. रात्री उशिरापर्यंत आम्ही गोठ्याच्या तोंडावर बांबू रोवून ताडपत्री ताणत होतो.

बुधवारी सकाळपासून भुरभुर. खरोखरच पूर्वेचा वारा, ओल्या मातीचा वास असलेला पण या दिवसांतला नव्हे. दुपारी बातमी आली: ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढले, झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत. थोड्या वेळाने वीज गेली आणि पाठोपाठ रेंजही, त्यामुळे ते कुठवर पोचले हे कळायचा रस्ता बंद झाला. वाट पाहणे म्हणजे नुसते बसणे असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मामी ज्वारीच्या भाकरी थापत राहिल्या, दोन दिवस पुरतील एवढ्या. मामांनी गुरांच्या गळ्यातली दावी सैल केली. छप्पर आलेच खाली तर जनावर सुटून पळाले पाहिजे. शेजारची म्हातारी आपल्या कुडाच्या झोपडीतून उठून आमच्या घरात आली. तिला आत जागा आणि मला पडवी, याचे वाडीतल्या कुणालाच वावगे वाटले नाही!

किनारा सुटला की वादळाला समुद्राची वाफ मिळत नाही, आणि सह्याद्रीची रांग त्याला घासून काढते. संध्याकाळी त्याचा जोर उतरायला लागला होता, हे मला नंतर वाचून कळले. पडवीत मात्र जोर वाढतच होता. अंधारात वारा फिरला. ताडपत्री आधी आत फुगत होती, ती आता बाहेर ओढली जाऊ लागली. मग एक बांबू मोडला, गोठ्याचे दोन पत्रे करकरत उठले आणि अंगणापलीकडे पडल्याचा आवाज आला. मामा आतून ओरडले, “जाऊ दे! बाहेर पडू नको!” घराची कौले शंभरएक सरकली, पण वासे जागचे हलले नाहीत.

सकाळी गुरे शाबूत होती, म्हातारीची झोपडीही. ती बुटकी, गवताने शाकारलेली. वाऱ्याला धरायला तिच्यात काही नव्हतेच. रस्त्याला विजेचे खांब आडवे. मला वाटले, मामा पत्रे शोधायला जातील. ते निघाले खाचराकडे. भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबाची राख निम्मी वाहून बांधाला लागली होती. जमीन मात्र हाताला ओली.

बी आत्ताच टाकावे की मृगापर्यंत थांबावे, यावर बांधावर तीन शेतकऱ्यांत वाद जुंपला. एक म्हणे, ओल वाया घालवू नका. दुसरा म्हणे, हा पाऊस पाहुणा, पुढे ऊन पडले तर कोंब करपतील. त्याच दुपारी शेजाऱ्याने पेरले. वटपौर्णिमेच्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि मी नगरकडे निघालो, तोवर मामांनी मडक्याचे तोंड फोडलेले नव्हते आणि तलाठी पंचनाम्याला यायचे होते.