झाडाच्या पानावर मीठ!

हातातलं काम बाजूला ठेवा! झाडाच्या पानावर मीठ असतं! खरंखुरं मीठ! मी चाटून आलेय!

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. मी आपली वाऱ्याला म्हणून बसले. ताईंनी वल्हं थांबवलं, तिवराची फांदी खाली ओढली आणि म्हणाल्या, "पान जिभेक लावून बघा." लावलं. खारट! पान उन्हात तिरपं धरलं तर त्यावर कण चमकत होते! बरंचसं मीठ मुळांपाशीच अडतं म्हणे, आणि तरीही जे आत शिरतं ते पानावरच्या इवल्याशा ग्रंथी बाहेर टाकतात. माझ्या कुंडीतल्या तुळशीला चार दिवस मिठाचं पाणी घातलं तर ती मान टाकेल! आणि ही झाडं दिवसातून दोनदा भरतीचं पाणी अंगावर घेऊन हिरवीगार!

मला वनस्पतिशास्त्रातलं काहीही कळत नाही, आधीच सांगते. पण तुम्ही बसा माझ्या शेजारी, होडीत जागा आहे.

आणि मग ओहोटी लागली, आणि मग पाणी हळूहळू मागे सरलं, आणि मग चिखलातून पेन्सिली वर आल्या! शेकडो! टोकं आभाळाकडे! मी विचारलं, कुणी रोवल्या? तर ती तिवराची मुळं! मुळं, आणि वर वाढतात! खाली चिखलात हवाच नाही, मग श्वास कुठून घ्यायचा? म्हणून नाकं बाहेर! त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात, ओहोटीत तिथून हवा आत जाते. मी एका मुळाला बोट लावलं. स्पंजासारखं हलकं!

कांदळ या दुसऱ्या झाडाचं तर विचारूच नका. कमानीसारख्या मुळांवर उभं असतं, आणि फांद्यांना हातभर लांब हिरव्या शेंगा. मी म्हटलं, केवढ्या शेंगा! ताई हसल्या. "शेंग न्हय, रोप आसा!" बी झाडावरच रुजतं हो! आईच्या अंगावरच मोठं होतं, आणि मग एक दिवस सुटतं, आणि मग खाली चिखल असेल तर तिथेच रुततं, पाणी असेल तर तरंगत निघून जातं आणि दूर कुठल्यातरी काठाला लागून मूळ धरतं! भरतीच्या पाण्यात साधं बी टिकलं असतं का? लेकराला पायावर उभं करूनच पाठवते ती!

तेवढ्यात चिखलावरून एक मासा चालत गेला. चालत! पुढच्या परांवर! निवटी ती. डोळे डोक्यावर, कातडी ओली असली की त्या कातडीतूनच श्वास घेते. मी ओरडलेच.

कांदळवनातल्याच पांढरी चिप्पी या झाडाला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष केलं, हेही मला त्याच दिवशी कळलं. इतकी वर्षं वाशीच्या पुलावरून लोकलने जाते, खिडकीतून कांदळवनाचीच झाडं दिसतात, आणि मी त्यांना झुडपं म्हणत आले!

काल पुलावर शेजारच्या बाईंना म्हटलं, ते बघा तिवर, पान खारट असतं! त्या उठून खिडकीशीच आल्या. पण भरती होती, पेन्सिली सगळ्या बुडालेल्या. आता ओहोटीची वेळ बघून गाडी पकडायची ठरलीय. तुम्हीही या, खिडकीची जागा धरते!