आखाजीचा झोका आणि वहीतली बाकी

नवीन वर्ष नेमकं कधी सुरू होतं? बँकेत विचाराल तर १ एप्रिल. शाळेत विचाराल तर जून. मोबाईलवर शुभेच्छा १ जानेवारीलाही येतात आणि गुढीपाडव्यालाही. पण आमच्या शहादा तालुक्यातल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विचारा. तो म्हणेल, "आखाजीला."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. इतर ठिकाणी त्या दिवशी सोन्याच्या जाहिराती येतात. खान्देशात मात्र हा दिवाळीच्या तोडीचा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. पितरांच्या नावानं घागर भरतात, तिच्यावर आंबा आणि खरबूज ठेवतात. खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. निंबाच्या फांदीला दोर बांधून झोका. बायका झोक्यावर गाणी म्हणतात, पुरुषमंडळी सावलीत पत्त्यांचे डाव मांडतात. बहिणाबाईंनी या सणावर कविता रचली ती उगाच नाही.

हे सगळं वैशाखातच का? कारण तेव्हा कोरडवाहू शेत रिकामं असतं. कापूस विकला गेलेला, गहू-हरभरा घरात आलेला आणि पाऊस अजून महिना-दीड महिना लांब. ऊन असं की दुपारी बाहेर पडायची सोय नाही. मग माणूस आपोआप सावकाश होतो.

माझ्या लहानपणीचा उन्हाळा असाच होता. पहाटे आई-काकू बिबड्यांसाठी ज्वारीचा घाटा शिजवायच्या. आम्ही पोरं वाटी घेऊन चुलीपाशी बसायचो. गरम घाट्यावर तेल आणि तिखट घालून खायचं, त्या बदल्यात वाळत घातलेल्या बिबड्यांवरचे कावळे हाकायचे. दुपारी निंबाखाली खाट. रात्री धाब्यावर गोधडी टाकून झोपायचं. "सुट्टीत काय शिकलास?" असं कुणी विचारायचं नाही.

एक गंमत सांगतो. १८६७ च्या आधी इंग्रज सरकारचं इथलं आर्थिक वर्षही १ मे ते ३० एप्रिल असं होतं. म्हणजे आखाजीच्या आसपासच. नंतर विलायतेच्या वर्षाशी मेळ बसावा म्हणून ते १ एप्रिलवर आणलं. गावाचं वर्ष मात्र हललं नाही. आखाजीला जुनं साल सुटायचं आणि नवं साल धरलं जायचं.

'साल' हा शब्द शहरातल्या मित्रांना समजावून सांगावा लागतो. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आखाजी ते आखाजी. रक्कम ठरते, सोबत थोडं धान्य, कपडे, चपला. पहाटे बैलांच्या चाऱ्यापासून रात्रीच्या बारीपर्यंत, सगळं त्याच्याकडे. आमच्याकडेही एक सालदार होता. भिल्ल समाजाचा. आम्ही त्याला काका म्हणायचो.

मी सातवीत होतो तेव्हाची आखाजी मला स्पष्ट आठवते. मी झोक्यावर होतो. ओट्यावर आबा लाल वही घेऊन बसले होते. काका खाली, अंगणात उकिडवा बसलेला. आबा एकेक उचल वाचत होते. पोरीच्या लग्नाला एवढे, दवाखान्याला एवढे, पोळ्याला एवढे, बिनकामाचे दिवस इतके. बेरीज-वजाबाकी झाली. आबा म्हणाले, "तुझ्याकडे तेवीसशे निघतात. पुढच्या सालात धरू."

काका म्हणाला, "चालस आबा." अंगठा दिला, उठला आणि बैलांना पाणी पाजायला गेला.

त्याचीही लेक त्या दिवशी माहेरी आलेली होती. तिच्या घरी झोका बांधला होता का, हे मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

आबा गेल्यावर ती वही माझ्या हातात आली. शांतपणे बसून वाचली. अकरा आखाज्या, अकरा हिशेब. एकाही वर्षी काकाची बाकी शून्यावर आलेली नाही. आबा दुष्ट नव्हते. व्याज लावत नव्हते, शिवी देत नव्हते. आजारपणात रात्री पैसे काढून द्यायचे. पण अकरा वर्षं या माणसाला दुसऱ्याकडे जायची मोकळीक नव्हती. आमचं वर्ष नवं व्हायचं, त्याचं जुनंच पुढे चालू राहायचं.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. उचलीच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणं गुन्हा आहे आणि अशा वेठीपोटीचं कर्ज फेडण्याची जबाबदारी कायद्यानेच संपते, असं त्यात साफ लिहिलंय. आमची वही त्याच्या कितीतरी नंतरची. घरात शिकलेली माणसं होती, पण कुणाला तो कायदा आपल्या ओट्याशी संबंधित वाटला नाही. मलाही उशिराच वाटला.

आता गावात सालदार मिळत नाहीत, अशी ओरड आहे. "लोकांना काम नको झालंय," असं पारावर सर्रास बोलतात. काकाच्या मुलाचं उदाहरण देतो. तो साल धरत नाही. ऊसतोडीला गुजरातमध्ये जातो. पण तिथे जायच्या आधी मुकादमाकडून उचल घेतो. बापाची बाकी आमच्या वहीत होती, पोराची मुकादमाच्या वहीत आहे. नुसती वही बदलली.

गेल्या आखाजीला मी आमच्या आताच्या सालदारासोबत बसलो. तो खाली नाही, खाटेवर, शेजारी. म्हटलं, मागची बाकी सोडली, यापुढे उचलीची भानगडच नको, दर महिन्याला पगार. मला वाटलं तो खूश होईल. तो म्हणाला, "दादा, उचल नाही दिली तर जूनमध्ये पोरांच्या वह्या-पुस्तकांना पैसे कुठून आणू? बँक मला देणार आहे का?"

मी गप्प. चांगुलपणा करायला गेलो आणि त्याची एकुलती एक सोय काढून घ्यायला निघालो होतो.

शेवटी दोघांनी मिळून ठरवलं. दर महिन्याला पगार. गरजेला उचल मिळेल, बिनव्याजी, पण तिचा कामाशी संबंध नाही. त्याला दुसरीकडे जायचं तर त्याने जावं, पैसे जमतील तसे फेडावेत. आठवड्याला एक सुट्टी. हिशेबाचे दोन कागद, एक त्याच्याकडे. आणि आखाजीला चार दिवस भरपगारी रजा. ही शेवटची अट त्याने स्वतः घातली. बाकीच्या अटींवर मान हलवणारा माणूस या एका अटीवर अडून बसला. त्या चार दिवसांत बैलांना पाणी मी पाजलं. दुसऱ्याच दिवशी पाठ धरली, तेव्हा कळलं की आपला निवांत उन्हाळा कुणाच्या पाठीवर उभा होता.

नवीन वर्षाचे संकल्प वगैरे आपण बरेच करतो. आखाजीने शिकवलेली रीत साधी आहे. आधी मागचा हिशेब मिटवा, मग झोक्यावर बसा. रीत चांगलीच आहे, फक्त ती ओट्याच्या खाली बसणाऱ्यालाही लागू झाली पाहिजे.

शेतकरी अडचणीत आहे, भाव मिळत नाही, हे मला माहीत आहे. मी पण शेतकरीच आहे. पण आपल्याला कर्जमाफी मागताना जे शब्द सुचतात, तेच शब्द आपल्या वहीतल्या बाकीबद्दल का सुचत नाहीत?

तुमच्या गावात साल कधी सुटतं? आणि ज्याचं सुटतं, तो खरंच सुटतो का? जरूर लिहा.